नाडी तपासत आहोत, कृपया थांबा

वेबसाइट हळू चालते, हे सरळ शब्दांत कुणीच सांगत नाही. "तुमचं ते चाक फिरतंय", "पान अर्ध्यात लटकलंय", "साइट झोपलीय का?" किंवा "दाबलं तर काहीच होईना, म्हणून आणखी चारपाचदा दाबलं" अशा थाटात तक्रार येते. आमच्याकडे ती नानांच्या फोनवरून यायची. नाना म्हणजे पुण्यातल्या एका वधूवर सूचक मंडळाचे सर्वेसर्वा. मंडळातली जाडजूड रजिस्टरं, पत्रिकांच्या फायली आणि फोटोंची पाकिटं माळ्यावर गेली, त्यांच्या जागी वेबसाइट आली आणि तिची देखभाल आमच्या चिमुकल्या कंपनीच्या गळ्यात पडली. मूळ कोड लिहिणारा मुलगा तोवर कॅनडाला पोचला होता. जाताना तो कोडमध्ये ठिकठिकाणी 'हे तात्पुरतं आहे' एवढं मात्र लिहून गेला होता.

"अहो, एक स्थळ उघडायला इतका वेळ?" नाना फोनवर. "एवढ्या वेळात आम्ही पूर्वी मुलीकडे जाऊन, पोहे खाऊन, नकार कळवून परत यायचो."

अशा प्रसंगी प्रोग्रामरने म्हणायचं एक वाक्य ठरलेलं आहे. ते मी म्हटलं. "नाना, माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय."

"मग सगळ्या मुलींच्या बापांना तुमच्याकडेच पाठवतो. चहाचं तेवढं बघा."

माझ्याकडे चालणारच हो. माझा लॅपटॉप नवा, ऑफिसचं इंटरनेट तगडं आणि चाचणीसाठी डेटाबेसमध्ये घातलेली स्थळं मोजून पाच, त्यातली तीन 'अबक' नावाची. मुलीचा बाप साइट उघडतो ती मुलाने वापरून टाकलेल्या फोनवर. त्या फोनच्या पोटात सात वर्षांची सुप्रभात, गुलाबाची फुलं आणि आरोग्यविषयक सल्ले साठलेले असतात. त्यांतून वाट काढत आमची वेबसाइट पडद्यापर्यंत यायची म्हणजे तिला दम लागणारच.

तर वेग वाढवायचा म्हणून बैठक बसली. बैठकीत आमच्या सिनियरनी एका वाक्यात निकाल लावला : "सर्व्हर मोठा घ्या." सर्व्हरचं बिल नाना भरतात. नुकताच कुठलीशी परिषद ऐकून आलेला सहकारी म्हणाला, "सगळं नव्या फ्रेमवर्कमध्ये परत लिहू." "आपलं आहे ते फ्रेमवर्क शिकून झालं का तुझं?" "नाही ना, म्हणूनच म्हणतोय." तिसऱ्याने थेट भाषेच्या कुळावर बोट ठेवलं. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत उभी केली. "दहा दिवसांत आपल्याकडे लग्नाचा हॉल मिळत नाही," तो म्हणाला, "आणि ह्यांनी भाषा केली. मग असंच होणार." गंमत म्हणजे त्याच १९९५ साली पास्कल भाषेचे जनक निकलाउस विर्थ यांनी एका लेखात गाऱ्हाणं मांडलं होतं की यंत्रं जेवढ्या झपाट्याने वेगवान होतात, त्याहून अधिक झपाट्याने सॉफ्टवेअर मंद होत जातं. तेव्हा बिचाऱ्यांनी आमच्या नानांची साइट पाहिलीही नव्हती.

बैठकीत एकटा गप्प होता तो नवीन लागलेला पोरगा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तांबारलेल्या डोळ्यांनी आणि उजळलेल्या चेहऱ्याने आला.

"सर, रात्रभर बसून सगळे फॉरईच काढले आणि साधे फॉर लूप टाकले. दुप्पट वेगाने पळतंय."

"काय पळतंय?"

"जन्मतारखेचा महिना निवडायची यादी असते ना, ती भरणारं लूप."

त्या यादीत महिने बारा. पोरगा गुणी होता, पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७४ सालीच लिहून ठेवलंय की शंभरातल्या ९७ वेळा असल्या किरकोळ बचतीचा नाद सोडावा, घाईने केलेली सुधारणाच सगळ्या दुखण्यांचं मूळ असते. हे वाक्य आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. उरलेल्या तीन टक्क्यांत मात्र संधी सोडू नका, असंही ते लगेच पुढे म्हणतात, तेही पाठ आहे. अडचण एवढीच की आपण लिहितोय तो कोड त्या तीन टक्क्यांतलाच, अशी प्रत्येकाची खात्री असते.

शेवटी मोजायचं ठरलं. मोजणं हा आमच्याकडचा सर्वांत नावडता प्रकार, कारण मोजलं की मतं जातात. ब्राउझरमध्ये त्यासाठी प्रोफायलर नावाची सोय असते. ती चालू करायची, पान वापरायचं, मग कुठे किती वेळ गेला त्याचा रंगीत आलेख समोर येतो : जावास्क्रिप्ट पिवळी, पानाची मांडणी जांभळी, रंगकाम हिरवं. एखादं काम ५० मिलिसेकंदांपेक्षा लांबलं की त्यावर लाल खूण. आपला प्रोसेसर सहापट मंद असल्याचं सोंगही त्यात घेता येतं. ते घेतलं आणि आमचा नवाकोरा लॅपटॉप क्षणात कुणाच्या तरी काकांचा फोन झाला. आलेख आला. लाल खुणा एवढ्या, की सिनियर म्हणाले, "बरोबर आहे, मंगळाची साइट आहे."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ब्राउझरच्या पानाला मेन थ्रेड एकच असतो. अख्ख्या पंगतीला एकच वाढपी असावा तसा. भात त्यानेच वाढायचा, मठ्ठा त्यानेच फिरवायचा आणि कुणी हाक मारली तर "आलो, आलो" म्हणायचंही त्यानेच. आमच्या कोडने त्याला पहिल्या पाहुण्यापाशीच बसवून त्याच्या कुंडलीत गुंतवलं होतं. बाकीची पंगत द्रोण वाजवत बसलेली. त्यातून सुटून तो पुढे सरकलाच, तर प्रत्येक पानात मीठ वाढून झालं की त्याने टेप घेऊन सगळा मांडव पुन्हा मोजायचा, असाही नियम होता. कारण कॅनडावाल्याने प्रत्येक स्थळाची चौकट पानावर ठेवली की लगेच तिची उंची विचारली होती. उंची सांगायची म्हणजे ब्राउझरला सगळ्या पानाची मांडणी नव्याने करावी लागते. आधी सगळ्या उंच्या विचारून घे, मग सगळ्या चौकटी हलव, एवढं सांगितल्यावर आलेखातला जांभळा रंग निम्म्याने उतरला. याला आमच्यात सुधारणा म्हणतात. घरी कुणाला सांगितलं तर "मग आधी काय करत होतात?" असं विचारतील, म्हणून सांगत नाही.

मग शोधायच्या चौकटीकडे मोर्चा वळला. तिच्यात एक एक अक्षर पडलं की सर्व्हरकडे एक रिक्वेस्ट जायची. छोट्या आडनावाला हे एक वेळ खपून जातं. पण 'कुलकर्णी' टाइप करून पाहा. क, उकार, ल, क, र, पाय मोडण्याची खूण, ण आणि वर वेलांटी : संगणकाच्या हिशेबी आठ कळा. आठ कळांना आठ रिक्वेस्टी. त्यातली पहिली नुसत्या 'क'ची. मंडळात क वरून सुरू होणाऱ्या आडनावांना तोटा नाही, त्यामुळे तिचं उत्तर सर्वांत लठ्ठ आणि म्हणून येणार सर्वांत शेवटी. ते आलं की आधी आलेल्या नेमक्या उत्तरावर बसणार. परिणाम असा की नानांनी कुलकर्णी शोधले, क्षणभर कुलकर्णी दिसले आणि पाहता पाहता त्यांचे कदम, काळे आणि कांबळे झाले.

"आंतरजातीय विभाग वेगळा आहे आपला," नाना म्हणाले, "तिथे मी आपण होऊन जाईन. ढकलू नका."

यावर उपाय ठरलेला आहे, त्याला डिबाउन्स म्हणतात. टाइप करणारा माणूस ३०० मिलिसेकंद थांबला की त्याचं लिहून झालं असं समजायचं आणि मगच विचारायला जायचं. ही युक्ती ज्याने काढली त्याने नानांना टाइप करताना पाहिलेलं नसावं. नाना उजव्या हाताच्या तर्जनीने टाइप करतात. ती कळफलकावर तरंगते, फिरते, अक्षर हेरते आणि झडप घालते. दोन झडपांच्या मध्ये चष्मा पुसून होतो. ३०० मिलिसेकंद काय, त्या अवधीत रिक्वेस्ट जाऊन, उत्तर घेऊन, ते पडद्यावर मांडून पुन्हा वाट बघत उभी. म्हणजे कुलकर्ण्यांच्या रिक्वेस्टी पुन्हा आठच्या आठ. थांबायची मुदत वाढवून दोन सेकंदांवर नेली, तर तरुण मंडळींचे फोन सुरू झाले, की शोध चालतच नाही.

नवीन पोरग्याने तोडगा काढला : तीन अक्षरं पडल्याशिवाय विचारायचंच नाही. सगळ्यांना पटला. सर्व्हर शांत झाला, आलेख सुंदर दिसू लागला, आम्ही खालच्या टपरीवर जाऊन चहा घेतला. आठवड्याने एक गृहस्थ मंडळात येऊन नानांसमोर बसले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आमच्या मुलाला या आठवड्यात एकही विचारणा का आली नाही? मुलगा इंजिनियर, स्वतःचा फ्लॅट, स्वभावाने शांत, आडनाव ओक.

'ओक' या आडनावात दोनच अक्षरं. तिसरं पडणार कुठून? वेगाच्या नादात आम्ही शहरातल्या तमाम ओकांना आजन्म ब्रह्मचारी ठेवायला निघालो होतो. मग मात्र शहाणपण सुचलं. नवी रिक्वेस्ट निघाली की जुनी रद्द करायची. हे आधीच करायला हवं होतं, पण सोपा उपाय सुचायला आधी अवघड उपाय करून थकावं लागतं.

फोटोंची कथा थोडक्यात सांगतो. स्टुडिओत काढलेला, बॅनरवर छापण्याजोगा फोटो लोक जसाच्या तसा चढवायचे आणि तो यादीत बोटाएवढ्या चौकोनात दिसायचा. आम्ही फोटो बारीक केले आणि पडद्याजवळ आल्याशिवाय मागवायचे नाहीत अशी व्यवस्था लावली. एका मातोश्रींचा फोन आला, "मुलीच्या कुड्या दिसेनाश्या झाल्यात." फोटोवर बोट ठेवलं की मोठा होतो, हे त्यांना समजावण्यात गेलेला वेळ कुठल्याही प्रोफायलरमध्ये दिसत नाही.

फोटो उशिरा येऊ लागल्याने एक नवंच त्रांगडं झालं. फोटोसाठी पानावर जागा आधी राखून ठेवली नाही, तर तो आला की खालचा मजकूर धाडकन खाली सरकतो. गूगलने वेबसाइटच्या प्रकृतीची जी मापं ठरवली आहेत त्यांत या सरकण्याचं वेगळं माप आहे, आणि ते ०.१ च्या आत असलं म्हणजे प्रकृती बरी मानतात. आमचं किती होतं ते सांगत नाही, पण परिणाम सांगतो. एक सद्गृहस्थ 'पुढचं स्थळ' दाबायला गेले, नेमक्या त्या क्षणी वरचा फोटो अवतरला, पान सरकलं आणि बोटाखाली 'पसंती कळवा' आलं. पसंती ज्यांना गेली त्या घराशी या गृहस्थांचं दोन वर्षांपूर्वी मानपानावरून वाजलं होतं. संध्याकाळी तिकडून फोन आला, "शेवटी आलात ना वळणावर?"

या प्रकरणाचा शेवट गोड झाला असं मला सांगता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं. दोन्ही घरं मिळून नानांशी भांडली.

मंडळाच्या ऑफिसात बसणाऱ्या ताईंची तक्रार निराळी. "सकाळी छान चालतं हो, दुपारनंतर जड होतं." आम्ही सर्व्हरच्या दुपारच्या नोंदी चाळल्या. काही नाही. मग त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. ताईंनी टॅब उघडला होता तो बहुधा मागच्या महिन्यात. बंद कधीच करत नाहीत. का? "बंद केला की पासवर्ड विचारतो." आमचा कोड प्रत्येक उघडलेल्या स्थळामागे एक श्रोता नेमायचा, कुठे क्लिक झालं की कान टवकारायला. स्थळ मिटलं तरी त्याला घरी पाठवायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ताई एका क्लिकवर दुसरं स्थळ उघडत आणि आधी मिटलेल्या शेकडो स्थळांचे श्रोते एकदम दचकून उठत. श्रोत्यांना निरोप देण्याची व्यवस्था आम्ही केली. पासवर्ड मात्र ताईंनी मॉनिटरला चिकटवलेला सापडला. तरीही टॅब बंद करत नाहीत, कारण आता सवय झाली.

मोठ्यांच्या घरीही असल्या गोष्टी होतात, हाच काय तो दिलासा. सप्टेंबर २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअरसारख्या बलाढ्य कंपनीच्या डॅशबोर्डने आपल्याच सेवेला पुन्हा पुन्हा तेच विचारून जेरीस आणलं. एका वस्तूची नवी प्रत दर वेळी तयार होत होती. आत सगळं तेच, पण जावास्क्रिप्टच्या लेखी ती वेगळी वस्तू, म्हणून पुन्हा विचारणा. अगदी तोच प्रकार आमच्याकडे मंगळाबाबत होता. आमचं पान सर्व्हरला विचारायचं, "मंगळ आहे का?" सर्व्हर म्हणायचा, "नाही." पान ते उत्तर नव्या वहीत लिहायचं, नवी वही बघून दचकायचं आणि पुन्हा विचारायचं, "मंगळ आहे का?" काही घरांत हा संवाद वर्षानुवर्षं चालतो, तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं.

पण खरा चोर सापडला तो गुणमेलनात. मुलगी लॉगइन झाली की तिच्या पत्रिकेशी मंडळातल्या झाडून सगळ्या मुलांच्या पत्रिका तिथल्या तिथे, तिच्या फोनवर जुळवल्या जायच्या. वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट, नाडी. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, असं करत आठव्याला आठ, बेरीज ३६. प्रत्येक कूटाला स्वतंत्र लूप आणि लूपच्या पोटात आणखी एक लूप. बरं, एकदा जुळवून थांबेल तर शपथ. यादी अंगठ्याने वर सरकवली की पहिल्यापासून पुन्हा जुळवणी. माणसाचं नक्षत्र जन्मवेळी ठरतं, पान सरकवल्याने ते बदलत नाही, हे कोडला कुणी सांगितलंच नव्हतं. जगप्रसिद्ध 'जीटीए ऑनलाइन' या खेळातही वर्षानुवर्षं लोक सुरुवातीच्या पडद्यापुढे मिनिटंच्या मिनिटं ताटकळत. २०२१ मध्ये एका बाहेरच्याच प्रोग्रामरने दाखवून दिलं की खेळ १० मेगाबाइटची एक यादी वाचताना प्रत्येक नोंदीपाशी उरलेल्या यादीची लांबी पुन्हा मोजत बसतो. ते आणि तसलंच आणखी एक काम थांबवल्यावर ताटकळणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. कंपनीने त्याला १०,००० डॉलर दिले. आम्हाला नानांनी बाकरवडी दिली, पण ती पुढे.

आम्ही फळ्यासमोर उभे राहून हिशेब मांडला. नक्षत्रं २७, राशी १२, त्यात काही नक्षत्रांचे चरण दोन राशींत वाटलेले. त्यामुळे नक्षत्र आणि राशी मिळून वेगळ्या जोड्या होतात ३६. मुलीकडे ३६, मुलाकडे ३६, म्हणजे शक्यता सगळ्या मिळून १२९६. जगात उपवर मुलं कितीही येवोत, उत्तर या १२९६ घरांबाहेर पडत नाही. मग दर वेळी गणित करायचंच कशाला? एकदा सगळी उत्तरं काढून कोष्टकात भरायची आणि पुढे नुसतं बोट ठेवून वाचायचं! नवीन पोरगा तर एवढा भारावला, की यावर एक शोधनिबंध लिहू म्हणाला.

ही क्रांती नानांना प्रत्यक्ष भेटून सांगायची असं ठरलं. मी फळ्याचा फोटो दाखवत तपशिलात सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकलं, खण उघडला, पंचांग काढलं, पानं उलटली आणि पुढे केलं. उभी मुलीची नक्षत्रं, आडवी मुलाची, मध्ये बारीक टायपात गुण. छापील.

"हे का?" नाना म्हणाले. "आमच्या वडिलांच्या वेळेपासून हेच बघतोय. मला वाटलं, कंप्युटरात ह्याच्यापेक्षा काहीतरी भारी केलं असेल तुम्ही."

कोष्टक बसवलं आणि साइट उडाली. जिथे चाक फिरत राहायचं तिथे बोट टेकताच निकाल. जेकब नीलसन यांनी १९९३ मध्ये सांगून ठेवलंय की उत्तर एक दशांश सेकंदात आलं तर माणसाला ते तात्काळ वाटतं, एक सेकंदापर्यंत त्याच्या विचारांची तंद्री मोडत नाही आणि दहा सेकंदांनंतर त्याचं लक्ष उडतं. आम्ही दहाच्या पलीकडून एक दशांशाच्या आत आलो होतो. बाकरवडी आली ती याच दिवशी.

जाता जाता कॅशचा प्रताप. उतावीळपणाने आम्ही स्थळांची यादीही कॅशमध्ये ठेवली होती, म्हणजे दर वेळी डेटाबेसला त्रास नको. कॅश करणं सोपं असतं. त्यात ठेवलेलं शिळं कधी झालं हे ओळखणं ही संगणकशास्त्रातल्या अवघड गोष्टींपैकी एक आहे, असं फिल कार्लटन या जाणत्या प्रोग्रामरचं मत. एका रविवारी सकाळी मंडळात एका तरुणीचा फोन आला. आवाज गोड, पण थंड.

"तुमच्याकडे एक मुलगा दिसतोय. सडपातळ, निर्व्यसनी, ट्रेकिंगची आवड."

"हो हो," ताई उत्साहाने म्हणाल्या, "फार चांगलं स्थळ आहे. पत्रिका पाठवू?"

"नको. मी त्यांची बायको बोलतेय. आणि सडपातळ कधीचं लिहिलंय?"

तर साइट वेगवान झाली. आता कौतुकाचे फोन यावेत अशी आमची अपेक्षा होती. फोन आले. पण पहिलाच सवाल, "इतक्या लवकर जुळली? नीट बघितली का?" दुसरे म्हणाले, "पूर्वी साइट जरा वेळ घ्यायची, पण व्यवस्थित बघायची. आता आपलं काहीतरी ठोकून देतात." एका मुलीच्या वडिलांनी ३२ गुण येऊनही पत्रिका पुन्हा बाहेरच्या गुरुजींना दाखवली. त्यांनी पंचांगातलं तेच पान उघडून, अर्धा तास डोळे मिटून, तेच ३२ सांगितले आणि दक्षिणा घेतली. वडिलांचं समाधान झालं.

आम्ही चक्रावलो, पण हेही जगाला आधीच ठाऊक होतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या रायन ब्यूएल आणि मायकेल नॉर्टन यांचा २०११ सालचा शोधनिबंध आहे. प्रवासाची तिकिटं शोधणारी साइट 'आता अमुक कंपनीकडे बघतोय, आता तमुककडे' असं दाखवत वेळ खात असेल, तर तेच निकाल क्षणात देणाऱ्या साइटपेक्षा ती लोकांना अधिक मोलाची वाटू शकते. माणसाला काम झालेलं नको असतं, चाललेलं दिसायला हवं असतं. आमच्या सिनियरना हे कळायला शोधनिबंध लागला नाही. मंगळवारच्या कामाचा अहवाल ते गेली कित्येक वर्षं शुक्रवारी देत आले आहेत.

नानांचा हुकूम आला : वेळ लागू द्या. ज्या कोडमधून आम्ही मिलिसेकंद वेचून वेचून बाहेर काढले होते, त्यात सेटटाइमआउट लावून ५,००० मिलिसेकंद परत घातले. पडद्यावर ओळी उमटू लागल्या. 'वर्ण पाहत आहोत…' 'योनी पाहत आहोत…' 'गण जुळवत आहोत…' 'नाडी तपासत आहोत, कृपया थांबा…' आणि मग गुण. उत्तर पहिल्याच क्षणी आलेलं असतं. ते पडद्यामागे मुकाट्याने बसून राहतं.

तक्रारी थांबल्या. एका आजोबांनी तर पत्र पाठवलं, की आता काम शास्त्रोक्त वाटतं. नाडीच्या वेळी आमच्या घरी सगळे श्वास रोखून बसतात, असंही त्यात होतं. नाना इतके खूष झाले, की त्यांनी लगेच नवी योजना आखली. साधं गुणमेलन पाच सेकंदांचं, ते मोफत. 'विशेष सूक्ष्म गुणमेलन' पंधरा सेकंदांचं, दोनशे रुपये.

"सूक्ष्ममध्ये वेगळं काय बघायचं, नाना?"

"तेच बघा. पण सावकाश बघा."

आमची बैठक बसली. नवीन पोरग्याने लॅपटॉप उघडला, ती ओळ शोधली आणि चेहरा उजळून म्हणाला, "सर, ५,००० च्या जागी १५,००० करायचं आहे फक्त. एक आकडा. आत्ता करून टाकू?"

सिनियरनी त्याचा लॅपटॉप हळूच मिटला.

"नानांना दोन आठवडे सांग."

"दोन आठवडे? सर, एका मिनिटाचं काम आहे."

"म्हणूनच. लगेच झालं म्हटलं तर पैसे द्यायचे नाहीत. आणि दर दोन दिवसांनी फोन करून कळवत जा."

"काय कळवू?"

"तपासतोय म्हण."